शेवटी खर्र करणारी घंटी

प्रताप मगदूम सायकलवरून ऑफिसला जायला लागला तेव्हा ट्रॉयमधल्या मराठी मंडळींना वाटलं, ह्याचं लायसन्स गेलं. त्यांचंही काही चुकलं नाही. डेट्रॉइटला खेटून असलेलं हे गाव मोटारींवर जगतं. इथे चार घरांपलीकडे जायचं तरी माणूस गाडी काढतो, आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला पस्तिशीतला धडधाकट पुरुष सायकलवर दिसला की लोक दोनच शक्यता धरतात. एक तर तो दारू पिऊन गाडी चालवताना सापडलाय, नाहीतर त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. प्रताप दारूला शिवत नव्हता. त्यामुळे दुसरी शक्यता पुष्कळांनी मनातल्या मनात पक्की केली आणि शनिवारच्या जेवणांना त्याच्याशी जरा जास्तच मायेने बोलायला सुरुवात केली.

खरं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्याच्या गाडीत मागे मुलीची कारसीट होती. मुलगी स्वानंदी आणि तिची आई अहिल्या, दोघी सांगलीला परत गेल्याला दोन वर्षं होत आली, तरी ती सीट तिथेच होती. तिच्या शिवणीत बिस्किटाचा चुरा होता, पट्ट्यावर दुधाचा डाग होता, आणि आरशात पाहिलं की ती बरोबर मधोमध दिसायची. काढणं जिवावर येई आणि रोज बघणं त्याहून जिवावर येई. दोन हिवाळे त्याने कसेबसे काढले. २००७च्या एप्रिलमध्ये बर्फ वितळलं तशी त्याने एक सायकल घेतली आणि गाडी पार्किंगमध्ये झाकून ठेवून दिली. ऑफिस काही फार लांब नव्हतं.

अहिल्या सांगलीला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. लग्नानंतर बिनपगारी रजा टाकून ती इकडे आली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला इथे नोकरी करता येत नाही, हे तिला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि भर दुपारी तीन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये वर्गातल्यासारखा घसा खाकरून गप्प बसणं वेगळं. स्वानंदी इथेच झाली. रजा वाढवता वाढवता संपली आणि कॉलेजने कळवलं की या, नाहीतर जागा भरतो. दोघांनी पुष्कळ डोकं खाजवलं. शेवटी ठरलं की अहिल्याने मुलीला घेऊन जावं, सासूपाशी राहून नोकरी टिकवावी, प्रतापने इथे ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहावं, आणि वर्षभरात काहीतरी होईलच. हे ‘काहीतरी’ फार वाईट. त्याच्या भरवशावर शहाणीसुरती माणसं संसार दोन तुकड्यांत मांडून बसतात आणि वर एकमेकांना समजूतदार म्हणवून घेतात.

प्रतापचा धंदा आवाजाचा होता. म्हणजे गाणंबिणं नव्हे; गाडीच्या आत येणारे नको ते आवाज शोधून बंद करायचे, हे त्याचं काम. दार लावल्यावर येणारी किरकिर, खड्ड्यातून गेल्यावर डॅशबोर्डमधून होणारी टकटक, काचेच्या फटीतून शीळ घालणारा वारा. तो नव्या गाडीत डोळे मिटून बसायचा, बाहेरून कोणीतरी ती हलवायचं, आणि मग हा बोट दाखवायचा, इथे. बहुतेक वेळा तिथेच असायचं. त्याचा कान म्हणजे ऑफिसात कौतुकाचा विषय होता. दिवसभर आवाज मारून हा माणूस संध्याकाळी ज्या घरी जायचा, तिथे मारायलाही आवाज उरलेला नव्हता.

फोनची वेळ ठरलेली होती. इथले सकाळचे आठ म्हणजे सांगलीत संध्याकाळचे साडेपाच. ह्याची घरातून निघायची वेळ आणि तिकडे गल्लीतल्या बापांची घरी यायची वेळ एकच. विश्रामबागेतल्या त्या गल्लीत साडेपाचला कुणाची स्कूटर येई, कुणाची सायकल येई, फाटकं वाजत, पोरं धावत. प्रताप कॉलिंग कार्डाचा लांबलचक नंबर दाबून फोन लावायचा. अहिल्या कॉलेजातून आलेली असायची. दोन-चार गोष्टी बोलून ती हाक मारायची, ‘स्वानंदी, बाबांचा फोन.’ आणि इथे प्रतापचा जीव टांगणीला लागायचा.

कारण स्वानंदी फोनवर यायची बंद झाली होती. सुरुवातीला ती रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून श्वास सोडत ऐकायची. मग ‘हं’ म्हणायची. मग नुसतं ‘नंतर’ म्हणायला लागली. साडेचार वर्षांच्या मुलीशी फोनवर बोलणार काय? जेवलीस का, शाळेत काय केलं, आजीला त्रास देतेस का. तेच प्रश्न, तीच उत्तरं. तिला त्याचा राग आला होता असं मुळीच नव्हतं. राग परवडला असता. तिला कंटाळा आला होता. आपल्याच मुलीला आपला कंटाळा आलाय, हे प्रतापला नीट कळत होतं, आणि त्यावर करण्यासारखं त्याच्या हातात काही नव्हतं. दिवसभर ऑफिसात तो त्या एका ‘नंतर’शी झगडत बसायचा.

सायकल घेतली त्या आठवड्यातली गोष्ट. फोन मान आणि खांद्यात धरून तो सायकल दारातून बाहेर काढत होता. नाइलाजाने ‘हं’ म्हणायला स्वानंदी फोनवर आली होती. त्याचं कोपर हँडलवरच्या घंटीला लागलं. सायकलीबरोबर आलेली ती एक चिमुकली पितळी घंटी. चापट मारली की ‘टिंग’ करून बराच वेळ घुमत राहणारी.

‘बाबा, तू पूजा करतोस?’ स्वानंदीने विचारलं.

कित्येक आठवड्यांत तिने त्याला स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न. प्रताप जिन्यातच थांबला. ही सायकलची घंटी आहे, असं त्याने सांगितलं. ते तिला साफ अमान्य होतं. सायकलची घंटी अशी नसतेच. ही आजीच्या देवघरातली. सायकलची घंटी ट्रिंगट्रिंग करते, हे बाबाला ठाऊक नाही ह्याचं तिला आश्चर्य वाटलं, आणि ते आश्चर्य तिने आईला, आजीला, समोरच्या काकूंना, सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. पण सांगताना रिसीव्हर हातातच होता. प्रताप त्या दिवशी ऑफिसात उशिरा पोचला आणि दिवसभर उगीचच हसत होता.

सायकलची घंटी कशी असते हे स्वानंदीला कळलं होतं ते मागल्या डिसेंबरात. प्रताप तीन आठवडे घरी जाऊन आला होता. मागच्या पडवीत त्याची इंजिनिअरिंगच्या काळातली सायकल गंजत पडली होती. ती त्याने दुरुस्त केली, पुढच्या दांडीवर लहान मुलांची सीट बसवली, आणि बाप-लेकीचा एक खेळच सुरू झाला. तो सायकल घेऊन कोपऱ्यापर्यंत जायचा, वळून यायचा, फाटकासमोर घंटी वाजवायचा. मग स्वानंदी आतून धावत येऊन टाचा उंचावून फाटकाची कडी काढायची, आणि मग तिला सीटवर बसवून गल्लीची एक चक्कर. रोज संध्याकाळी. तीन आठवडे तो त्या गल्लीतल्या इतर बापांसारखा एक बाप होता. मग विमानाची वेळ झाली.

तर आता प्रतापच्या डोक्यात बसलं की आपल्याला घंटी हवी, आणि ती स्वानंदीने पास केलेली हवी.

ह्या कामात पहिला हात घातला तो शशिकांतने. शशिकांत मूळचा नागपूरचा, शेजारच्या इमारतीत राहणारा, सल्ला द्यायला एका पायावर तयार. त्याने एक बॅटरीवर चालणारा भोंगा आणून दिला. बटण दाबलं की तऱ्हेतऱ्हेचे आवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतापने तो फोनमध्ये वाजवला तेव्हा स्वानंदीने पोलीस आले असं जाहीर केलं आणि ती आनंदाने पळून गेली. पण दोन मिनिटांनी परत आली आणि विचारलं, चोर सापडला का? प्रतापने चोर सापडल्याची अख्खी हकिकत रचून सांगितली. तेवढ्यात पार्किंगमध्ये एका म्हाताऱ्या बाईंनी दचकून हातातली किराणाची पिशवी टाकली होती, त्या संत्री वेचत होत्या. फोन न सोडता प्रताप त्यांना संत्री वेचू लागला.

पुढे काही दिवस हेच चाललं. एक प्लॅस्टिकची घंटी आली, तिच्यातून खोकल्यासारखा आवाज निघत असे. एक रबरी फुग्याचा भोंगा आला, तो स्वानंदीच्या मते आइस्क्रीमवाल्याचा होता. एका घंटीवर होकायंत्र बसवलेलं होतं. तिचा आवाज इतका बारीक की फोनमधून पलीकडे पोचलाच नाही. दर घंटीगणिक स्वानंदी फोनवर येत होती, ऐकत होती आणि न्यायाधीशासारखी निकाल देत होती. नाही. ही नाही. खरं सांगायचं तर तिने नाही म्हटलं की प्रतापला बरंच वाटे. नाही म्हटलं म्हणजे उद्या पुन्हा यायची.

ऑफिसच्या वाटेवर रस्त्याकडेने एक पायवाट होती, तिथे ह्या सगळ्या घंट्यांनी प्रतापची बरीच अब्रू घालवली. सांगलीत सायकलवाला घंटी वाजवतो ती ‘मी येतोय बरं का’ इतक्याच अर्थाने. पुढचा माणूस मान वळवतो, हात करतो, कधी गावातल्या चार बातम्याही सांगतो. प्रताप त्या सवयीने लांबूनच घंटी वाजवत यायचा, आणि पुढे चालणारी माणसं एकदम गवतात उतरून उभी राहायची, सॉरी म्हणायची, एकाने तर कुत्र्यालाच उचलून घेतलं. ह्याने किती हसून पाहिलं, हात केला, तरी त्यांचे चेहरे अपराधीच राहत. इतके दिवस घंटी वाजवून इथे कुणी त्याच्याशी सॉरीपलीकडे एक शब्द बोललं नाही.

शेवटी एका शनिवारी तो सायकलच्या दुकानात गेला. मालक पिकल्या दाढीचा, रॉन नावाचा, कमी बोलणारा. प्रतापने त्याला सगळी हकिकत सांगून टाकली. घरच्या माणसांना जे सांगता येत नाही ते परक्याला सांगता येतं, त्यातलंच हे. रॉनने ऐकून घेतलं, काउंटरखालून घंट्यांचा एक अख्खा ट्रे काढला आणि म्हणाला, लाव फोन.

सांगलीत दिवेलागण झाली होती. अहिल्याने फोन उचलला, प्रकार ऐकला आणि ती आधी हसली. मग म्हणाली, ‘अरे, दुकानातून? तिथे लोक आहेत ना? किती ऑकवर्ड.’ पण तिने स्वानंदीला बोलावलं. प्रताप फोन धरून उभा राहिला आणि रॉन एकेक घंटी उचलून फोनापाशी नेऊन वाजवू लागला. पहिली बेडकाची ठरली. दुसरी शाळा सुटल्याची. तिसरी कुल्फीवाल्याची. प्रताप इंग्रजीत भाषांतर करून सांगत होता, रॉन गंभीरपणे मान हलवून घंटी बाजूला ठेवत होता. टायर घ्यायला आलेलं एक जोडपं खोळंबून उभं होतं, ते जायचं विसरलं. ट्रे संपला. एकही पास झाली नाही. स्वानंदी पलीकडून आईला सांगत होती की बाबाच्या गावात सायकली नसतील.

तेव्हा रॉनला काहीतरी आठवलं. तो तळघरात गेला आणि जुन्या सुट्या भागांच्या खोक्यातून एक पोलादी घंटी घेऊन आला. गंजलेली, वाटीएवढी, अंगठ्याने दाबायच्या दांड्याची. आत दातेरी चक्र आणि चकत्या अडकून पडल्या होत्या. वाजत नव्हती. पण प्रतापने ती हातात घेतली आणि त्याचा अंगठा आपोआप दांड्यावर गेला.

त्या रात्री आणि रविवारी तो त्या घंटीशी बसला. वाटी फिरवून काढली, आतला गंज घासला, चक्राला तेलाचे दोन थेंब दिले, चकत्या मोकळ्या केल्या. घंटी वाजली. ट्रिंगट्रिंग, ट्रिंगट्रिंग. रिकाम्या अपार्टमेंटमध्ये तो आवाज इतका भरभरून वाजला की प्रताप तसाच जमिनीवर बसून राहिला. त्याला आपलं घर आठवलं. घर म्हणजे भिंती नव्हेत. संध्याकाळी त्या घरात शिरताना आतून येणारी हालचाल, कुणीतरी आपल्यासाठी उठलंय हे कळणं. त्याला ते इतकं हवंसं झालं की तो घंटी पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. शेजाऱ्यांनी भिंतीवर ठोकलं तेव्हा त्याने वाजवणं थांबवलं.

सोमवारी सकाळी स्वानंदीने ती घंटी लक्ष देऊन ऐकली. मग म्हणाली, ही सायकलचीच आहे. पण ही आपली नाही, ही शेजारच्या काकांची आहे.

दुसरा कोणी असता तर इथे हात टेकले असते. प्रतापला मात्र लगेच पटलं, कारण त्याच्या कानालाही तेच म्हणायचं होतं. सांगलीच्या सायकलची घंटी साफ वाजत नव्हती. कधीतरी सायकल पडून तिच्या वाटीला पोचा आला होता, आणि प्रत्येक ट्रिंगच्या शेवटी चकती त्या पोच्याला घासून ‘खर्र’ असा आवाज निघायचा. ट्रिंगट्रिंग-खर्र. उभं आयुष्य असले खर्र शोधून मारण्यात घालवणारा हा गृहस्थ आता नेमका तोच खर्र घालायला बसला. वाटीला बारक्या हातोडीने पोचा पाडायचा, बसवायची, वाजवायची, कान द्यायचा, पुन्हा काढायची. शशिकांत एकदा येऊन हे बघून गेला. ‘चांगली घंटी बिघडवतोयस, यार,’ तो म्हणाला. ‘एक दिवस सुट्टी घे, झोप काढ.’ घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं की प्रतापला आता रोज जेवायला बोलवायला हवं.

गुरुवारी सकाळी घंटी जमली. प्रतापने डोळे मिटून वाजवली आणि त्याला फाटक दिसलं.

त्याने सायकल पार्किंगमध्ये आणली, घंटी हँडलवर आवळली आणि फोन लावला. सांगलीत फोन स्वानंदीनेच उचलला. आजकाल ती साडेपाचला फोनापाशीच असायची. आई गच्चीवर आहे, वाळवण काढतेय, असं तिने सांगितलं. प्रताप काही बोलला नाही. त्याने फोन घंटीपाशी नेला आणि घरी वाजवायचा तशी, थांबून थांबून दोनदा, वाजवली.

मग स्वानंदी म्हणाली, ‘बाबा आला.’ रिसीव्हर कशावर तरी आपटला. अनवाणी पावलं फरशीवरून थपथप करत लांब गेली. आणि लांबून, अगदी बारीक, कडी निघाल्याचा आवाज आला.

प्रतापला काय वाटलं ते सांगायचं तर त्याला आनंद झाला. वेडा आनंद. त्याने चेव येऊन घंटी पुन्हा वाजवली. मग फोन कानाला लावून उभा राहिला. आता ती हसत परत येईल, मग हो म्हणेल, हीच म्हणेल. फोन उघडाच होता. त्याला घरातला पंखा ऐकू आला, त्याचं एक पातं थोडं लागत होतं. त्याची आई आतल्या खोलीत खोकली. कुणीतरी बादली सरकवली. गल्लीतून एक स्कूटर गेली, ती वळताना मंद झाली. ऑफिसला उशीर होत होता, पण फोन ठेवणं त्याला शक्य नव्हतं. त्या घरातला एकेक आवाज तो भुकेल्यासारखा ऐकत राहिला, आणि आपण किती दिवस ह्यासाठी तळमळतोय हे त्याला त्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या कळलं.

ती परत आलीच नाही.

बऱ्याच वेळाने जिन्यावर पावलं वाजली आणि अहिल्याचा आवाज आला. फोन पडलेला बघून ती हॅलो हॅलो करत होती. प्रतापने घंटी जमल्याचं उत्साहाने सांगितलं. अहिल्याने त्याला मध्येच थांबवलं. ‘तू ट्रॉयला आहेस ना?’ तिने विचारलं. मग त्याच्या लक्षात येण्याआधी तिच्या लक्षात आलं. तिने रिसीव्हर ठेवला आणि ती बाहेर गेली. परत येऊन इतकंच म्हणाली की स्वानंदी फाटकात उभी आहे, आत यायला तयार नाही, बाबा कोपऱ्यावरून वळून येईल म्हणते. तू आता ऑफिसला जा. कार्डावरची वेळ संपल्याचं सांगणारी बाई मध्येच बोलायला लागली आणि फोन तुटला.

दुपारच्या सुट्टीत प्रतापने ऑफिसबाहेर झाडाखाली उभं राहून पुन्हा फोन केला. तिकडे निजानीज झाली होती. अहिल्या हलक्या आवाजात बोलत होती. स्वानंदी दिवे लागेपर्यंत फाटकात होती. आजीने समजावलं, अहिल्याने समजावलं की बाबा फोनमध्ये होता, पण घंटी तिने स्वतः ऐकली होती आणि ती आपलीच होती, मग त्यांचं ती कशाला ऐकेल. गल्लीतल्या पोरांचे बाप एकेक करून आले. तिने कडी लावू दिली नाही. शेवटी कडेवर घेऊन आत आणलं तेव्हा ती रडली नाही. जेवताना तिने विचारलं.

‘काय विचारलं?’

अहिल्याने आवाज आणखी खाली आणला. मग तिने सांगितलं. ‘म्हणाली, बाबा चुकून दुसऱ्यांच्या घरी गेला का?’

प्रतापने फोन कानापासून दूर धरला. अहिल्या त्याला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं की तू जेवलास का. तो हो म्हणाला. ते खोटं होतं. दुपारी तो एका नव्या गाडीत डोळे मिटून बसला. बाहेरचे लोक गाडी हलवत राहिले, आवाज कुठून येतोय विचारत राहिले, आणि त्याला काहीच ऐकू आलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर टाचा उंचावून कडी काढणारी स्वानंदी होती, आणि मोकळा रस्ता होता. चोख घंटी बनवली आपण, त्याला वाटत होतं. इतकी चोख की तिने विश्वास ठेवला. देवघरातल्या ‘टिंग’वर थांबलो असतो तर पोर फसली नसती.

शुक्रवारी सकाळी स्वानंदी फोनवर येईना. ‘नंतर’सुद्धा म्हणेना. प्रतापने अहिल्याला सांगितलं की तिला बोलायला लावू नको, नुसता फोन तिच्या कानाला लाव. बराच वेळ खुसपुस झाली. मग ओळखीचा तो लहानसा श्वास ऐकू आला.

‘स्वानंदी, काल मी आलो नव्हतो,’ तो म्हणाला. ‘घंटी मी इथूनच वाजवली. मी वाजवायला नको होती. तू उगाच उभी राहिलीस. माझं चुकलं.’

पलीकडे श्वास चालू होता. ती विचार करत होती.

‘तुझी सायकल तिकडे आहे?’

‘हो.’

‘मग तिकडे तुझं फाटक कोण उघडतं?’

प्रतापने समोर पाहिलं. पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली गाडी होती, इमारतीचं काचेचं दार होतं, दाराशी कुणी नव्हतं. इथे फाटक नाही, असं सांगता आलं असतं. दार किल्लीने उघडतं, असंही सांगता आलं असतं.

‘कुणीच नाही,’ तो म्हणाला.

स्वानंदीला हे ऐकून वाईट वाटलं असावं, कारण ती थोडी जवळ येऊन बोलली. ‘मग तिकडे वाजवू नको ना. इथे आलास की वाजव.’ आणि तिच्या दृष्टीने विषय संपला. तिने रिसीव्हर आईच्या हातात दिला आणि ती खेळायला गेली. तिची पावलं लांब जाईपर्यंत प्रताप ऐकत राहिला.

‘तिची शाळा कधी सुरू होते?’ त्याने अहिल्याला विचारलं.

‘जूनच्या मध्यावर. का?’

‘त्याच्या आत येतो मी.’

अहिल्या हिशेबी बाई. तिने लगेच मनात रजा मोजल्या असणार. डिसेंबरात तीन आठवडे झाले होते, आता पुन्हा कुठून देतील. ‘रजा मिळेल?’ ती म्हणाली.

‘रजा नाही घेत,’ प्रताप म्हणाला.

ग्रीन कार्डाचं काय, रांगेतल्या नंबराचं काय, इतकी वर्षं काढली त्यांचं काय, हे सगळं विचारायची तिची पाळी होती. तिने ते विचारलं नाही. मागून प्रतापची आई ओरडून सांगत होती की गॅसवरचं दूध उतू चाललंय, कुणीतरी बंद करा. अहिल्या जागची हलली नाही.